जिमचे कुलूप काढा : अकादमीच्या तांत्रिक समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, तांत्रिक समिती,
तसेच मुख्य प्रशिक्षक

विषय : धावपटू आणि सोळा वर्षांखालील मुलांचे वेट ट्रेनिंग बंद करण्याच्या निर्णयाबाबत

स. न. वि. वि.

नव्या हंगामाचे वेळापत्रक आपण नोटीस बोर्डावर लावलेत. मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंचे वेट ट्रेनिंग बंद. सोळा वर्षांखालच्या कुणालाही जिममध्ये प्रवेश नाही. आणि रोज सरावाच्या सुरुवातीला सगळ्यांनी अर्धा तास स्ट्रेचिंग करायचे, कारण दुखापती वाढल्या आहेत. पालकांच्या बैठकीत मी हात वर केला, तेव्हा 'याची चर्चा समितीत झालेली आहे' एवढेच उत्तर मिळाले. ती चर्चा काय झाली हे आम्हाला कुणी सांगितले नाही. म्हणून आमच्या बाजूची चर्चा मी इथे सगळ्यांसमोर करते आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कॉलेजात असताना चारशे मीटर हर्डल्स पळायचे. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि आठशे मीटर पळते, म्हणजे आपल्या नव्या नियमांत ती दोन्हीकडून अडकते. शिवाय अकादमीतली बरीच मुले दुखणी घेऊन माझ्याकडेच येतात. या वेळापत्रकाचा हिशेब शेवटी माझ्या टेबलावर होणार, तेव्हा तो आधीच मांडलेला बरा.

माझे म्हणणे थोडक्यात असे : ताकद, दम आणि लवचिकता यांचे आपापसांत वाकडे नाही. वाकडे येते ते कशानंतर काय करायचे, किती करायचे आणि मध्ये किती अंतर ठेवायचे हे चुकल्यामुळे. आपण ते दुरुस्त करायचे सोडून तिघी बहिणींपैकी एकीला घराबाहेर काढले आणि दुसरीवर तिची सगळी कामे टाकली.

पहिली तक्रार 'वजने मारली की पळणाऱ्याचे पाय जड होतात' या कारणाबद्दल. मी खेळत होते तेव्हाही हे ऐकले होते, आज मुलगी ऐकते आहे. त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. स्क्वॉट्स, म्हणजे वजन घेऊन केलेल्या उठाबशा, सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पाय भरून येतात, जिना उतरताना मांड्या बोलतात. पण तो थकवा आहे आणि तो उतरतो. स्नायू फुगून वजन वाढेल ही भीती मात्र, आठवड्यातून दोनदा मोजके सेट्स आणि सोबत एवढे पळणे असताना, खरी ठरणे अवघड. अशा सरावात आधी शिकते ती मज्जासंस्था. आहेत तेच स्नायूतंतू जास्त संख्येने आणि जास्त झटपट कामाला लावायला ती शिकते. टाचेमागचा जाड कंडराही हळूहळू दणकट होतो आणि पाऊल पडताना साठवलेली ऊर्जा पाऊल उचलताना परत देतो.

हे माझ्या पदरचे नाही. फिनलंडमध्ये लीना पावोलाइनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या दर्जाच्या धावपटूंच्या एका गटाने नऊ आठवडे सरावाचे एकूण तास तेवढेच ठेवले, पण त्यातला साधारण एक तृतीयांश वेळ स्प्रिंट, उड्या आणि हलक्या वजनांच्या वेगवान व्यायामांना दिला. त्यांची पाच किलोमीटरची वेळ सुधारली. गंमत अशी की त्यांची व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, वाढली नव्हती. वाढली होती ती काटकसर. पाऊल जमिनीवर कमी वेळ टेकत होते आणि त्याच वेगाला प्राणवायू कमी लागत होता. आठशे आणि पंधराशे मीटर पळणाऱ्याला याहून वेगळे काय हवे असते?

ब्रिटिश धावपटू सेबॅस्टियन को यांचे नाव मुख्य प्रशिक्षक मुलांना नेहमी सांगतात. १९८१ मधली त्यांची आठशे मीटरची १ मिनिट ४१.७३ सेकंदांची वेळ, मॉस्को आणि लॉस एंजेलिस या दोन्ही ऑलिंपिकमधले पंधराशेचे सुवर्ण, हे मुलांना पाठ आहे. त्याच को यांच्या तयारीत जिममधल्या सर्किट्सना, म्हणजे एकापाठोपाठ केलेल्या ताकदीच्या व्यायामांच्या फेऱ्यांना, केवढी जागा होती, तेवढे मात्र सांगायचे राहून जाते.

आता माझ्या टेबलावरचे सांगते. नडगी दुखते म्हणून आलेल्या मुलाला मी एक साधी चाचणी देते. भिंतीला बोटे टेकवून एका पायावर उभे राहायचे, टाच पूर्ण वर उचलायची, सावकाश खाली आणायची. रोज सात-आठ किलोमीटर पळणारी मुले यात दहा-बारा वेळांतच अडखळतात. टाच अर्ध्यावर थांबते, घोटा आत कलतो, मग गुडघा वाकवून चोरी सुरू होते. मूल स्वतःच आश्चर्याने पायाकडे बघते, कारण दम तर अजिबात लागलेला नसतो. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. पोटरी तो पेलायला तयार नसली की तो नडगीच्या हाडावर जातो. अशा मुलाच्या वेळापत्रकातून आपण पोटरीचे व्यायाम काढून घेतलेत आणि पळण्याचे किलोमीटर वाढवलेत.

दुसरी तक्रार सोळा वर्षांच्या अटीबद्दल. बैठकीत एका सदस्यांनी 'उंची खुंटते' असे म्हटले आणि बऱ्याच पालकांनी माना डोलावल्या. योग्य तंत्राने आणि जाणत्या माणसाच्या नजरेखाली केलेल्या ताकदीच्या सरावाने मुलांची उंची खुंटते याला पुरावा नाही. उलट मुलांनी असा सराव करावा असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे एकत्रित निवेदन २०१४ मध्येच आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना तर ५ ते १७ वयाच्या सगळ्याच मुलांना, खेळाडू असोत वा नसोत, आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारे व्यायाम सांगतात. आपल्याकडे साध्या मुलाला जे करायला सांगितले आहे ते खेळाडूला वर्ज्य ठरले!

आणि तर्क तरी कसा लावायचा? चौदा वर्षांची मुलगी धावत येऊन फळीवर एक पाय आपटते आणि लांब उडी मारते. त्या क्षणी त्या एका पायावर येणारा भार वजनाचा हलका दांडा (बारबेल) घेऊन केलेल्या स्क्वॉटपेक्षा कितीतरी जास्त असतो. ती उडी तिला चालते. दांडा चालत नाही.

गेल्या हंगामात जिममध्ये एका मुलाच्या पायावर वजनाची प्लेट पडली आणि त्यावरूनच हा नियम आला, हे मला ठाऊक आहे. समितीची काळजी मी समजू शकते. पण त्या संध्याकाळी जिममध्ये एकही मोठे माणूस नव्हते, दांड्याला क्लिप नव्हत्या आणि मुले 'कोण किती उचलतो' खेळत होती. कमी पडली ती देखरेख. उपाय तिथेच करायला हवा. ट्रॅकवर कुणी पडले तर आपण ट्रॅक बंद करत नाही.

तिसरी तक्रार स्ट्रेचिंगबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. मी स्ट्रेचिंगच्या विरोधात नाही. हर्डलरला पाय वर काढायला, उंच उडी मारणाऱ्याला कमान करायला सांध्याची मोकळीक लागतेच, आणि ती ताणाच्या व्यायामांनी मिळते. प्रश्न आहे तो ते केव्हा आणि कशासाठी करायचे याचा. थंड अंगाने, सकाळी ग्राउंडवर आल्या आल्या, एकेक ताण मिनिट-दोन मिनिटे धरून बसायचे आणि उठून लगेच शंभर मीटरची वेळ द्यायची, हा क्रम उलटा आहे. एकाच स्नायूला एक मिनिटाहून जास्त वेळ स्थिर ताण दिला की त्यानंतर काही काळ त्याची ताकद आणि झटका, म्हणजे क्षणात जोर लावण्याची क्षमता, थोडा उतरतो, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. ताण थोडाच वेळ धरला आणि त्यानंतर नीट वॉर्म-अप केला तर फरक नगण्य राहतो. म्हणजे स्ट्रेचिंगचा बाऊ करायचे कारण नाही. पण वॉर्म-अपचा अख्खा वेळ त्यात घालवायचेही कारण नाही.

दुखापती टाळण्यासाठी म्हणून हा अर्धा तास दिला आहे, असे नोटिशीत लिहिले आहे. ऑस्ट्रेलियात सैन्यात भरती झालेल्या १५०० हून अधिक जवानांवर याचीच चाचणी झाली, ती २००० साली प्रसिद्ध झाली. एका गटाने व्यायामाआधी पायांच्या स्नायूंचे स्ट्रेचिंग केले, दुसऱ्याने नाही. बारा आठवड्यांच्या प्रशिक्षणात दोन्ही गटांतल्या दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. २०१४ मध्ये पंचवीस चाचण्यांचे, २६ हजारांहून अधिक सहभागींचे एकत्रित विश्लेषण आले. त्यात स्ट्रेचिंगने दुखापती कमी झाल्याचे दिसले नाही. ताकदीच्या सरावाने मात्र त्या एक तृतीयांशाहूनही खाली आल्या. दुखापती वाढल्या म्हणून आपण नेमके ज्याने त्या कमी होतात ते काढले आणि ज्याने होत नाहीत ते वाढवले.

याच अर्ध्या तासातली एक गोष्ट मी स्वतः उभी राहून पाहिली आहे. मुले पाय पसरून बसतात, आणि जोडीदार मागून पाठीवर दोन्ही हात ठेवून, कधी छातीचा भार टाकून, डोके गुडघ्याला टेकेपर्यंत दाबतो. दाबणारा हसत असतो, दबणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असते. मग पंधरा दिवसांनी तेच मूल माझ्याकडे येऊन बसायच्या हाडाखाली बोट ठेवते आणि म्हणते, इथे टोचते, वर्गात बाकावर बसवत नाही. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, जिथे हाडाला चिकटतो ती ही जागा. ती चिडली की महिनोन् महिने शांत होत नाही.

त्याच जोडीदाराला पाठ दाबण्याऐवजी घोटे धरायला सांगा. समोरच्याने गुडघ्यांवर उभे राहायचे, पाठ आणि कंबर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचे, मांडीच्या मागच्या स्नायूंनी जेवढे रोखता येईल तेवढे रोखायचे आणि मग हातांवर पडायचे. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग म्हणतात तो हाच व्यायाम. तो असलेल्या कार्यक्रमांनी हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात. ना जिम लागते, ना यंत्र. शिवाय लांबलेल्या स्थितीत ताकद लावल्याने स्नायूची लांबीही वाढते. सांध्याच्या पूर्ण पल्ल्यात केलेला ताकदीचा सराव लवचिकतेतही स्ट्रेचिंगच्या बरोबरीने भर घालतो, असे दोन्हींची तुलना करणारे अभ्यास सांगतात. खोल स्क्वॉट करणाऱ्या मुलीचे घोटे आणि कंबर बघा, म्हणजे वेगळा पुरावा लागणार नाही.

फुटबॉलमध्ये 'फिफा ११ प्लस' नावाचा साधारण वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. हलके पळणे, मग ताकद, तोल आणि उड्या, मग वेगाने पळणे. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वयाच्या मुलींच्या संघांवर तो वापरून पाहिला, तेव्हा गंभीर दुखापती कमी झाल्या. हा अभ्यास २००८ चा आहे. आपल्याच अर्ध्या तासात असे काही बसवायला कुणाची परवानगी लागणार आहे?

चौथी तक्रार फेकीच्या आणि उड्यांच्या मुलांची. त्यांचे वजनाचे व्यायाम चालू ठेवलेत, त्याबद्दल आभार. पण त्यांनी आधी सगळ्यांबरोबर लांब रन करायची आणि मग थकल्या पायांनी जिममध्ये यायचे, असा क्रम आहे. गोळा फेकणाऱ्या मुलाने रोज लांब पळून काय साधायचे, हे मला आजतागायत कुणी सांगू शकलेले नाही.

आपल्यापैकी काहींनी 'दोन्ही एकत्र केले तर दोन्ही बिघडते' असे म्हटल्याचे कानावर आले. या म्हणण्याचे मूळ संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या प्रयोगात आहे. दहा आठवडे एका गटाने फक्त ताकद, एकाने फक्त दम, एकाने दोन्ही केले. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सात-आठ आठवडे वाढली, मग थांबली आणि शेवटी थोडी घसरली. दम मात्र कमी झाला नाही. पण तो सराव कसा होता तेही बघा. आठवड्यातून पाच दिवस ताकद आणि सहा दिवस दमाचा कठीण सराव, दहा आठवडे! त्यानंतरच्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांतून चित्र बरेच निवळले आहे. दोन्ही बेताने केले तर कमाल ताकद आणि स्नायूंची वाढ फारशी अडत नाही. अडतो तो झटका, स्फोटक जोर, आणि तोही मुख्यतः दोन्ही एकाच सत्रात कोंबले तर. म्हणजे ज्यांचा खेळच झटक्याचा आहे त्या मुलांना आपण नेमके तेच करायला लावतो आहोत.

दमाच्या सरावाबद्दलही दोन शब्द, कारण तो आपला लाडका. व्यायामशास्त्राचे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या दमाच्या खेळाडूंचा सराव तपासला. त्यातली साधारण ऐंशी टक्के सत्रे सहज बोलता येईल अशा संथ वेगाची निघाली आणि उरलेली खरोखर कठीण. आपल्याकडे सगळे मधल्या वेगात चालते. संथ दिवशी पुढच्याला गाठायची चढाओढ, मग कठीण दिवशी पायात काही उरत नाही. उशीर झाला, बूट विसरला, की पाच राउंड. पळण्याच्या अकादमीत पळणे ही शिक्षा असावी हे मला कधीच पटलेले नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक, थोडक्यात. पाळी चार-चार महिने न येणे हे 'चांगल्या फिटनेसचे लक्षण' नाही. खर्च होणाऱ्या ऊर्जेइतके अन्न पोटात जात नसल्याची ती खूण असू शकते, आणि हाडे त्याची किंमत मोजतात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेच या अवस्थेवर निवेदन काढले आहे. विषय मोठा आहे, स्वतंत्र बैठक घ्या, मी येईन.

नुसती तक्रार नको म्हणून आठशे मीटरच्या मुलीचा आठवडा कसा बसवता येईल ते सांगते. सोमवारी सकाळी इंटरव्हल्स (मध्ये विश्रांती घेत वेगाने पळण्याचे तुकडे), संध्याकाळी जिम : स्क्वॉट, एका पायाचे व्यायाम, पोटरी, पाठ, पाऊण तासात बाहेर. मंगळवारी संथ पळणे आणि त्यानंतर निवांत स्ट्रेचिंग, अंग गरम असताना. बुधवारी टेम्पो, म्हणजे सलग, बऱ्यापैकी वेगाने पळणे. गुरुवारी अगदी थोडे पळणे आणि नंतर जिमचे दुसरे सत्र. शुक्रवारी संथ, स्ट्रेचिंग. शनिवारी ताज्या पायांनी चढावर छोटे स्प्रिंट आणि मग लांब पण सावकाश रन. रविवारी सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सुट्टी. जो गुण त्या दिवशी महत्त्वाचा तो ताज्या अंगाने आधी, आणि दोन कठीण गोष्टींमध्ये काही तासांचे अंतर. स्पर्धा जवळ आल्या की वजनाचे सेट्स कमी करायचे, पूर्ण बंद करायचे नाहीत. बंद केल्यावर मिळवलेली ताकद काही आठवड्यांत ओसरू लागते, आणि ती नेमकी मुख्य स्पर्धेच्या तोंडावर ओसरते.

आमच्या मागण्या अशा :

१. धावपटूंना आठवड्यातून दोन ताकदीची सत्रे परत द्यावीत.

२. सोळा वर्षांची अट काढावी. त्याऐवजी नियम असा करावा की जाणता प्रौढ हजर असल्याशिवाय जिम उघडायची नाही आणि तंत्र जमल्याशिवाय वजन वाढवायचे नाही. आधी अंगाच्या वजनावर, मग काठीवर, मग दांड्यावर.

३. सरावाआधीचा अर्धा तास हालचालींच्या वॉर्म-अपला द्यावा, दीर्घ स्ट्रेचिंग सरावानंतर घ्यावे. पाठीवर दाब देण्याचा प्रकार आजपासून बंद व्हावा. यासाठी बैठकीची वाट पाहण्याची गरज नाही.

४. फेकी आणि उड्यांच्या खेळाडूंचे वेळापत्रक वेगळे करावे, आणि शिक्षेचे राउंड थांबवावेत.

५. कुणाला कधी, कुठे आणि कोणत्या सरावानंतर दुखले याची साधी वही ठेवावी. 'दुखापती वाढल्या' असे नोटिशीत लिहिताना कोणत्या आणि कुणाच्या, हे आज कुणालाच सांगता येत नाही.

साठ मुले आणि जिममध्ये लक्ष द्यायला माणूस नाही, ही आपली अडचण खरी आहे. मंगळवार सोडून कोणत्याही दोन संध्याकाळी मी विनामूल्य जिममध्ये उभी राहीन. खेळलेले आणखी दोन पालक तयार आहेत, त्यांची नावे अध्यक्षांकडे वेगळी दिली आहेत. मुले दहा-दहाच्या गटाने आली तर खोली पुरते.

उत्तर लेखी मिळावे आणि ते वेळापत्रकाशेजारीच लावावे, तयारीचा पहिला टप्पा सुरू होण्याआधी. हाडांना आणि कंडरांना बळ यायला महिने लागतात. स्पर्धा सुरू झाल्यावर परवानगी मिळून तिचा मुलांना उपयोग नाही.

कळावे,

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट आणि आठशे मीटर पळणाऱ्या मुलीची आई